दारं धरणारी मनकर्णाबाई

पाचोडच्या जीपस्टँडवर एक न्याय सगळ्यांना तोंडपाठ होता. पुरुषाची जीप वाटेत तापली, तर ऊन लई होतं. मनकर्णाबाईची जीप तापली, तर बाईच्या हातात गाडी दिल्यावर दुसरं काय होणार! जिपा सगळ्या एकाच जातीच्या, सगळ्या जुन्या घेतलेल्या, सगळ्यांचा मिस्त्री एक. बॉनेटखालून निघणारी वाफसुद्धा सारखीच पांढरी. पण वाफेचं कारण मात्र स्टिअरिंगमागं कोण बसलंय ते पाहून ठरायचं.

काळी-पिवळी जिपांचे ते भरभराटीचे दिवस होते. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणायचे, आणि तिथं जायला एसटीची वाट बघत बसण्यापेक्षा माणसं जिपेत एकमेकांच्या मांडीवर बसणं पसंत करायची. आत मावतील तेवढी आत, उरलेली मागच्या फळीवर लोंबकळत. स्टँडवर जिपांना नंबर असायचा. आपला नंबर आला की गाडी लावायची, भरली की निघायचं. ज्याचा नंबर गेला त्याची जीप दारात कोंबड्यांना सावली देण्यापुरती उरायची. म्हणून नंबर म्हणजे सगळं काही होतं.

या रांगेत मनकर्णाबाई कशी आली, ते आधी सांगायला हवं. पाचोडच्या पुंजारामाशी लग्न होऊन ती आली तेव्हा घरी मोसंबीची बाग होती. नव्या सुनेला स्वयंपाकघरात कोंडावं असा घरचा विचार होता, पण ही बया पहिल्याच उन्हाळ्यात बागेत दारं धरायला उभी राहिली. दारं धरणं म्हणजे पाटाच्या पाण्याची राखण; ती करणारा तो पाणकरी. एका वाफ्याचं तोंड फावड्यानं फोडायचं आणि त्याच वेळी भरलेल्या वाफ्याचं तोंड मातीनं बांधायचं. नुसतं फोडून चालत नाही. मागचं बांधलं नाही, तर पाणी जवळच्या, उताराच्या वाफ्यातच लोळत बसतं आणि बांधाकडची झाडं तहानेनं वाळतात. मनकर्णाबाईच्या बागेत बांधाकडची झाडंही टपोरी फळं द्यायची. शेजारचे लोक आपल्या गड्यांना म्हणायचे, जरा पुंजारामाच्या बायकोचं पाणी बघून या.

ट्रॅक्टर तिला पुंजारामानंच शिकवला, तोही हौसेनं. पुढं त्यानं एक जुनी जीप घेतली आणि पाचोड ते शहर अशा फेऱ्या सुरू केल्या. बरं चाललं होतं. एक दिवस मोसंबीची भरलेली क्रेट टपावर चढवताना त्याच्या पाठीत अशी कळ निघाली की तो जागीच बसला. मणका सरकला होता. डॉक्टरनं सांगितलं, आता गाडीचे हादरे बंद. भाऊबंद गोळा झाले. कोणी म्हणालं जीप विका, कोणी म्हणालं चुलतभाऊ कडूबाला चालवायला द्या. कडूबा तर किल्लीसाठी हात पुढं करूनच बसला होता.

मनकर्णाबाईनं किल्ली कमरेला खोचली.

सगळ्यांनी सासूकडं पाहिलं. भागूबाई म्हणजे साऱ्या भावकीला धाकात ठेवणारी म्हातारी. आता ती सुनेचे कान उपटणार म्हणून मंडळी सावरून बसली. भागूबाईनं तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं आणि म्हणाली, "ट्रॅक्टर चालवती, तर जीप काय वाघ हाये का? चालवू द्या तिला."

अशी मनकर्णाबाई जीपवाली झाली. डोक्यावरचा पदर दातात धरून ती गिअर टाकायची, आणि पुंजाराम स्टँडवर काठी टेकून उभा राहून खड्या आवाजात हाळी द्यायचा, "आडूळ, आडगाव, शहर! चला, चला!" नवरा गाडी भरतोय आणि बायको गाडी हाकतेय, हे पाहायला पहिले काही दिवस माणसं नुसतीच स्टँडवर येऊन चहा पीत बसली. मग त्यांची करमणूक संपली आणि ती जिपेत बसायला लागली. बाया तर हिच्याच जिपेचा नंबर येईपर्यंत थांबायच्या. पुरुष ड्रायव्हरांना खरं लागलं ते हे.

जीप तापायची हे मात्र खरं होतं. फाल्गुन सरला की आडूळच्या अलीकडं तापमानाचा काटा चढायला लागायचा. मनकर्णाबाई गाडी बाजूला घ्यायची, फडक्यानं रेडिएटरचं झाकण सैल करायची, फुस्स करून वाफ निघाली की मागं सरायची. मागून येणारा ड्रायव्हर मान बाहेर काढून ओरडायचा, "वहिनी, चुलीवर भाकर टाकली का?" तोच ड्रायव्हर परतीच्या फेरीत त्याच आडूळच्या चहाच्या टपरीपुढं बॉनेट उघडून उभा असायचा. पण तो तापलेला नसायचा, तो चहाला थांबलेला असायचा.

शेवटी नानासाहेबांनी बैठक घेतली. नानासाहेब स्टँडचे अध्यक्ष. स्वतःची जीप, पिळदार मिशा, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पाहण्याची सवय. ते म्हणाले, "स्टँडची इज्जत चालली. म्हणून आता नेम एकच. वाटेत ज्याची गाडी तापून हुबी राहील, त्याचा नंबर कटला. मग तो कोनी का आसंना." 'कोनी का आसंना' म्हणताना सगळी रांग मनकर्णाबाईकडं बघत होती. नानासाहेब पुढं म्हणाले, "चैती पुनवेला आपल्या समद्या गाड्या म्हैसमाळच्या यात्रेला जातेत. तिथंच निकाल लागंल. घाट चढून वर आली, तर नंबर कायम. नायतर वहिनी, किल्ली कडूबाला द्या अन् घर सांभाळा."

पुंजारामाचा चेहरा पडला. म्हैसमाळचा घाट, चैत्रातलं ऊन, आणि भरलेली जीप! तिथं तर कोणाचीच गाडी न थांबता जात नव्हती. निम्म्या घाटात वडाचं एक वळण होतं. तिथं सगळे थांबायचे, बॉनेट उघडायचे, कॅननं पाणी ओतायचे, तंबाखू मळायचे. पण त्याला कोणी तापणं म्हणत नव्हतं, तो रिवाज होता. मनकर्णाबाईनं हे सगळं मनात ताडून पाहिलं आणि तरीही म्हणाली, "चालंल. नेम सगळ्यांना सारखाच ना?"

"म्हन्जे काय! सगळ्यांना," नानासाहेब म्हणाले.

"मग ठरलं."

ठरलं खरं, पण जीप काही तिच्या शब्दावर थंड होणार नव्हती. दुसऱ्या दिवशी शहरात प्रवासी उतरवून तिनं जीप थेट करीम उस्तादच्या गॅरेजला घातली. करीम उस्ताद म्हणजे मोंढा नाक्याजवळचा नावाजलेला मिस्त्री. पाचोड, पैठण, गेवराईकडच्या निम्म्या जिपा त्याच्या हाताखालून गेलेल्या. त्याच्या शटरवर एक तोरण होतं, आंब्याच्या पानांचं नव्हे, पितळेच्या वाट्यांचं. गाडी तापतेय म्हणून कोणी आलं की उस्ताद इंजिनाच्या तोंडाशी असलेलं एक झाकण उघडायचा, आतला वाटीसारखा थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह काढायचा, झाकण परत लावायचा आणि तो व्हॉल्व्ह तारेत ओवून तोरणात टांगायचा. 'अटकाव गेला, पानी मोकळं झालं,' असं म्हणायचा. गिऱ्हाईक खूश व्हायचं. वारा सुटला की तोरण किणकिणायचं आणि उस्तादाची जाहिरात व्हायची.

"भाभी, रेडेटर साफ करून देतो, और क्या," करीम म्हणाला. "गये महिने में भी किया था."

"आधी बघू द्या मला," म्हणत मनकर्णाबाई बॉनेटखाली वाकली. जीप नुकतीच उकळत आली होती. तिनं रेडिएटरच्या खालच्या अंगाला हात लावला. तव्यावरची भाकरी बोटांनी उलटणारा तो हात. चटक्याची तयारी ठेवूनच लावला होता. चटका बसलाच नाही. रेडिएटर खालून गार होता.

तिनं पुन्हा हात लावला. मग इंजिनाच्या डोक्याजवळ नेला, तिथं आगच. आणि त्या डोक्यापासून पाण्याच्या पंपाकडं जाणारी एक आखूड नळी होती, तिला बोट लागताच तिनं हात झटकला.

"करीमभाई, इंजन उकळतंय अन् रेडेटर गार कामून?"

"गार है तो अच्छाच है ना!"

"कशाचं अच्छा! वाफा कोरडा हाये म्हणून गार हाये. इंजनाचं पाणी तिकडं जातच नाय नीट. ही बुटकी नळी हाये ना, हिच्यातूनच परत फिरतंय." ती सरळ उभी राहिली. बागेत उताराच्या वाफ्यात पाणी लोळत असलं की तिचे डोळे असेच बारीक व्हायचे. "जवळचं दार उघडं असल्यावर पाणी लांबच्या वाफ्यात जाईल कशाला? हे दार बांधणारं कोणी होतं का इथं?"

करीम हसला नाही. तो या धंद्यात उगीच मुरलेला नव्हता. त्यानं नळीकडं पाहिलं, झाकणाकडं पाहिलं, मग हळूच मान वर करून आपल्या तोरणाकडं पाहिलं.

"भाभी," तो म्हणाला, "चाय पिओगे क्या?"

चहाचं निमित्त होतं. गॅरेजच्या मागंच त्याचं घर होतं. बायको बिल्किस स्टोव्ह पेटवत होती. करीमनं तोरणातून एक व्हॉल्व्ह सोडवून आणला आणि पातेल्यातल्या पाण्यात दोरीनं सोडला. बिल्किस म्हणाली, "हाय अल्ला, चाय के बर्तन में?" पण पातेलं तिनं काढून घेतलं नाही, तिलाही बघायचं होतंच.

करीमला या व्हॉल्व्हच्या पोटातलं ठाऊक होतं. त्यात मेण असतं. पाणी तापलं की मेण वितळून फुगतं आणि आतली दांडी ढकलतं. दांडीनं वरची चकती उघडते आणि पाण्याला रेडिएटरची वाट मिळते. पाणी गार असलं की चकती बंद, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं आणि नीट चालतं. हे सगळं त्याला त्याच्या उस्तादानं शिकवलं होतं. "फिर निकालते कायको?" असं त्यानंही एकदा विचारलं होतं, आणि उस्तादानं सांगितलं होतं, अडकतो. अडकला की पाणी बंद आणि इंजिनाची राख. तेव्हापासून दिसला व्हॉल्व्ह की काढ, हा शिरस्ता.

पाणी खदखदायला लागलं. व्हॉल्व्ह ढिम्म हलला नाही.

"देखा?" करीमच्या आवाजात सुटकेचा सूर होता. "अडकलाय. हेच बोलतो मैं."

बिल्किसनं पदरानं व्हॉल्व्ह उचलून उजेडात धरला. दांडीवर पांढरा थर बसला होता. "ये तो मेरी किटलीकू बैठता वैसाच है," ती म्हणाली. "बोरिंग के पानी का चुना. तुमलोगां रेडेटर में बोरिंग का पानी डालते और बिचारे वॉल का नाम खराब करते." तिनं चिंचेचा गोळा घेतला, मीठ घेतलं, आणि ताट घासावं तसा तो पितळेचा जीव घासघासून लखलखीत केला. दांडीच्या खोबणीतही काडीनं चिंच भरली. मग स्वतःच्याच हातानं परत पातेल्यात सोडला.

तिघंही पातेल्यावर वाकली. पाणी नुसतं कोमट झालं तोवर काही नाही. मग कडेनं बुडबुडे धरले आणि वरची चकती हळूच, झोपेतून डोळा उघडावा तशी उघडली. करीम म्हणाला, "चला, वर उघडली." पण मनकर्णाबाईचं लक्ष वर नव्हतंच. तिनं खाली बोट दाखवलं. त्याच दांडीच्या खालच्या टोकाला आणखी एक लहान चकती होती. वरची उघडत होती तशी ही खाली सरकत होती.

"ही खालची कुठं जाऊन बसती?"

करीमनं क्षणभर विचार केला आणि कपाळावर हात मारला. "उसी नली के मुँह पे!"

"म्हन्जे हा दारं धरतोय!" मनकर्णाबाई इतक्या मोठ्यानं हसली की बाहेर गॅरेजमधली माणसं आत डोकावली. "आवो करीमभाई, एका हातानं मोठं दार उघडतो अन् दुसऱ्या हातानं बारकं बांधतो! तुमी पाणकऱ्यालाच घरी पाठवलं. मग दोन्ही दारं सताड उघडी. थंडीत इंजन लवकर तापत नाय अन् उन्हात निवत नाय!"

करीमचे कान दाराकडं लागले. एवढ्या वर्षांचं तोरण दारावर किणकिणत होतं, आणि तो किणकिणाट आज त्याला वेगळा ऐकू येत असावा. पण माणूस दिलदार होता. तो उठला, पाना घेतला आणि म्हणाला, "मैं तो समझता था एकच दरवाजा है. चलो भाभी, पाणकऱ्याला कामावर घेऊ."

तोरणातले आणखी काही व्हॉल्व्ह त्यांनी तसेच चिंचेनं घासून पातेल्यात पारखले आणि सगळ्यात चपळ निघाला तो जिपेत बसवला. जुनं पाणी पार काढून टाकलं. मनकर्णाबाईनं पाचोडहून आपल्या गोड्या विहिरीचं पाणी आणायचं ठरवलं. तोवर बिल्किसनं माठातलं गाळून दिलं. निघताना करीम म्हणाला, "मगर किसीकू बोलना नक्को. घाट में देखेंगे. चढली तर तोरण उतरवतो. नाय चढली तर..." पुढचं त्यानं खुदावर सोडलं.

परतीच्या वाटेवर मनकर्णाबाईचा जीव काट्यात अडकला होता. चिकलठाणा मागं पडेपर्यंतच काटा झरझर चढला, एवढ्या लवकर तो कधी चढत नसे. गाडी बाजूला घ्यावी का? मग तिला पातेलं आठवलं. कोमट पाण्यात दार उघडत नाही, तापू दे. ती तशीच चालवत राहिली. काटा मध्यावर आला, थोडा वर गेला, आणि जणू कोणी हाक मारली तसा मागं वळून मध्यावर येऊन बसला. आडूळ आलं, आडूळ गेलं, दाभरूळ गेलं, काटा जागचा हलला नाही. पाचोडच्या वेशीत शिरताना तिनं उगीचच, कारण नसताना, लांबलचक हॉर्न दिला.

पुनवेला पहाटेच जिपा निघाल्या. नानासाहेबांची पुढं, कडूबा त्यांच्या शेजारी, आणि मनकर्णाबाईची सगळ्यात मागं, म्हणजे ती थांबली तर कोणाला अडचण नको. तिच्या शेजारच्या सीटवर भागूबाई, मांडीवर देवीच्या ओटीचं गाठोडं घेऊन. मागं बाया, पोरं, टपावर गडी. पुंजारामानं डॉक्टरची ताकीद धाब्यावर बसवली होती. पाठीला रुंद पट्टा आवळून आणि बुडाखाली घडी केलेली गोधडी घेऊन तोही बसला होता. "निकाल लागताना म्या घरी बसू?" एवढंच तो म्हणाला.

शहर ओलांडेपर्यंत ऊन वर आलं. दौलताबादच्या किल्ल्याच्या वेशीतून एकामागं एक जिपा वाकून निघाल्यासारख्या निघाल्या आणि पुढं घाट चढून खुलताबादला आल्या. नानासाहेबांच्या जिपेनं तिथं चहा घेतला, म्हणजे रेडिएटरनं पाणी घेतलं. मनकर्णाबाईनं बॉनेट उघडलंच नाही. कडूबा तिच्या खिडकीशी आला. "वहिनी, झाकण काढून बघा तरी. नायतर घाटात फुटंल."

"फुटंल तवा तुला हाक मारते," ती म्हणाली.

म्हैसमाळचा चढ लागला. तिनं दुसरा गिअर टाकला आणि गाडीचा गळा न दाबता, एका चालीनं वर घ्यायला सुरुवात केली. रस्त्याच्या डांबरावरून झळा उठत होत्या. इंजिनाचा आवाज जड झाला. काटा मध्यावरून हलला. मागची एक बाई म्हणाली, "मनकर्णे, कसला वास येतोय गं?" वास पुढच्या जिपांचा होता, पण तेवढ्यानं सगळ्या जिपेत चुळबुळ सुरू झाली. काटा अजून थोडा वर. पुंजाराम मागून म्हणाला, "मी म्हणतो, वळणावर घे बाजूला. समदेच घेतेत."

वडाचं वळण आलं. तिथं सगळं स्टँड उभं होतं. नानासाहेबांची जीप, तिच्यामागं बाकीच्या, सगळ्यांची बॉनेटं वर, सगळ्यांतून वाफ, सगळ्यांच्या हातात कॅन. आणि सगळ्यांचे डोळे खालून येणाऱ्या एका जिपेवर.

मनकर्णाबाईचा पाय क्षणभर पेडलवर सैल झाला, हे खोटं कशाला बोला. थांबली असती तर रिवाजाप्रमाणंच थांबली असती. पण तिला पक्कं ठाऊक होतं, तिचं थांबणं कोणी रिवाज म्हणून मोजणार नव्हतं. तिनं काट्याकडं पाहिलं. वर गेला होता तो तिथंच थबकला होता, पुढं सरकत नव्हता. आत कुठंतरी मोठं दार सताड उघडलं होतं आणि बारकं घट्ट बांधलेलं होतं. सगळं पाणी लांबच्या वाफ्याला लागलं होतं. आपण बांधलेल्या दारावर विश्वास नाही ठेवायचा तर कशावर ठेवायचा?

"आत्याबाई, धरून बसा," ती म्हणाली आणि पाय दाबला.

जीप वडाच्या वळणावरून, उघड्या बॉनेटांच्या रांगेशेजारून, वाफेच्या ढगातून धडधडत वर निघून गेली. भागूबाईनं जाता जाता खिडकीबाहेर मान काढून नानासाहेबांना दोन्ही हातांनी नमस्कार घातला. मागच्या बायांनी तर असा गलका केला की रस्त्यानं पायी चढणारे यात्रेकरूसुद्धा काही न कळता ओरडू लागले. पुंजाराम पाठीचं दुखणं विसरून गाडीच्या पत्र्यावर थापा मारत होता, "चला! चला! शहर नाय, आता म्हैसमाळ!"

वर पोहोचल्यावर काटा हळूहळू उतरून मध्यावर येऊन बसला. मनकर्णाबाई खाली उतरली. गर्दी जमली होतीच. तिनं सगळ्यांसमक्ष बॉनेट उघडलं. सवयीनं माणसं दोन पावलं मागं सरली. वाफ नाही, फुसफुस नाही. तिनं रेडिएटरच्या खालच्या अंगाला हात लावला आणि चटका बसल्याबरोबर इतकी आनंदली की कोणाला वाटावं, बाईला देवी अंगात आली. पाणी पोहोचलं होतं, बांधाकडच्या झाडापर्यंत. भागूबाईनं देवीसाठी आणलेल्या नारळांतला एक तिथंच काढला, बंपरसमोर फोडला आणि आभाळाकडं बघून म्हणाली, "गिरजाआई, रागवू नको, तुह्या वाटचा दुसरा हाये."

बऱ्याच वेळानं बाकीच्या जिपा आल्या. नानासाहेबांच्या मिशांवर घाम आणि रेडिएटरमध्ये खडखडाट. वळणावरच सगळं पाणी संपलं होतं. मनकर्णाबाईचे कॅन मात्र पाचोडहून भरून आणले तसेच काठोकाठ भरलेले होते. तिनं दोन उचलून त्यांच्यापुढं ठेवले. "घ्या नानासाहेब. गोड्या विहिरीचं हाये."

नानासाहेबांनी पाणी ओतलं, तोंड पुसलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याच्या डोक्यावरून न बघता डोळ्यांत बघून म्हणाले, "वहिनी, नंबर तुमचा कायम. बोललो ते बोललो."

"माहा तर कायम हाये," मनकर्णाबाई म्हणाली. "पर नेम सगळ्यांना सारखा होता ना? वाटेत ज्याची गाडी तापून हुबी राहील, त्याचा नंबर कटला. मग तो कोनी का आसंना." तिनं रांगेतल्या प्रत्येक जिपेकडं सावकाश पाहून घेतलं. "मग उद्या पाचोडहून शहरात माणसं कोण नेणार, मी एकटी?"

आधी भागूबाईच हसली, मग बाया हसल्या, मग कडूबा हसला, आणि शेवटी नानासाहेबांनाही हसावंच लागलं, कारण गर्दीत एकट्यानं न हसता उभं राहणं फार अवघड असतं.

"कटत नसतेत नंबर असे," मनकर्णाबाईनं त्यांची सुटका केली. "नेमच काढून टाका. अन् उद्या एकेक जण करीमभाईकडं जा. तुमच्या समद्यांचे पाणकरी त्याच्या दारावर टांगलेत. चिंचेनं घासून ठिवलेत बिल्किसभाभीनं, वाट बघू लागलेत तुमची."

त्या महिन्यात उस्तादाचं तोरण दिवसेंदिवस आखूड होत गेलं आणि एक दिवस शटरवर नुसती तार उरली. करीमनं तीही काढली, आणि आलेल्या प्रत्येकाला तो पातेलं दाखवून सगळी गोष्ट सांगू लागला. त्याच्या गोष्टीत दार आधी त्यालाच दिसलेलं असायचं, आणि मनकर्णाबाईला त्याचं काही वाईट वाटत नसे.

नानासाहेबांची जीप तिथं दुरुस्तीला होती, त्याच सुमारास पाचोडचा आठवडी बाजार आला. त्यांना शहरात जायचं होतं. पुंजाराम स्टँडवर हाळी देत होता, "आडूळ, आडगाव, शहर! चला, न तापता चला!" पहिला नंबर मनकर्णाबाईचा होता. नानासाहेब इकडंतिकडं बघून तिच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले. दुपारचं ऊन होतं, जीप गच्च भरली होती. आडूळची टपरी दिसू लागली, तशी जुन्या सवयीनं त्यांची चुळबुळ सुरू झाली.

"वहिनी, घ्यायची का जरा बाजूला? तापली आसंल."

मनकर्णाबाईनं एका बोटानं काटा दाखवला आणि वरचा गिअर टाकला. चहाची टपरी मागं पडली, आणि नानासाहेब शहर येईपर्यंत त्या काट्याकडंच बघत बसले.